परदेशी पाहुणी आणि आमची जिरायत

पाहुणा येणार म्हटले की घर सारवायला काढायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. सारवताना घरातल्या नको त्या वस्तू माळ्यावर जातात, हीही रीतच. जानेवारी २०२५ मध्ये, मी प्रथम वर्षाला असताना, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातली एक विद्यार्थिनी मंगळवेढा तालुक्यातील आमच्या गावी तीन आठवडे राहून गेली. त्या वेळी मी घराबरोबर बऱ्याच गोष्टी सारवून टाकण्याचा प्रयत्न केला. परदेशी विद्यार्थी शेतकऱ्याच्या घरी ठेवून घेणे म्हणजे काय, ते कसे घडते, यजमानाने त्यात काय करावे आणि काय करू नये, हे आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे. त्यात माझी एक कबुलीही आहे. ती आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचे लिहिणे सोपे जाईल.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात मुलींनी विचारले, "घरी काय करतात?" मी सांगितले, "बागायत आहे. द्राक्षे आहेत." वास्तविक आमची सहा एकर जिरायत. तीत ज्वारी आणि थोडी करडई होते, विहिरीला मार्चनंतर पाणी राहत नाही. द्राक्षे होती, पण ती दुसऱ्याची. माझी आई तिथे रोजाने जाते. कधी विरळणीला, कधी डिपिंगला, कधी तोडणीला. म्हणजे मी अगदीच खोटे बोलले नव्हते, अशी मी मनाची समजूत घालीत असे.

डिसेंबरात आमच्या एका प्राध्यापकांनी वर्गात सांगितले, की पुण्यात मराठी शिकणाऱ्या एका अमेरिकन विद्यार्थिनीला शेतकरी कुटुंबात राहायचे आहे, कोणाच्या घरी सोय होईल काय? मी मान खाली घातली. तेवढ्यात माझ्या मैत्रिणीने मोठ्या प्रेमाने माझे नाव सुचवले. "सर, हिची द्राक्षबाग आहे." अशा रीतीने माझ्या थापेनेच पाहुणीला आमच्या घरचे आमंत्रण दिले.

विद्यार्थ्यांची ही देवाणघेवाण काही कालपरवाची नव्हे. परका देश कळायचा तर तिथल्या हॉटेलात नव्हे, कुटुंबात राहिले पाहिजे, ही साधी कल्पना घेऊन डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थांनी १९३२ साली 'एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' हा उपक्रम सुरू केला. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना रुग्णवाहिकांतून वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ए.एफ.एस. नावाची संघटना होती. दोन महायुद्धे पाहिल्यावर त्या मंडळींना वाटले, की जखमी उचलण्यापेक्षा भांडणच होऊ नये याची खटपट करावी. म्हणून १९४७ पासून त्यांनी शाळकरी मुलांना दुसऱ्या देशांतील कुटुंबांत राहण्यासाठी नेण्या-आणण्याचे काम हाती घेतले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी खास योजना आली ती १९४८ साली. अमेरिकेतील फोर-एच या ग्रामीण युवक चळवळीने 'इंटरनॅशनल फार्म यूथ एक्स्चेंज' सुरू केली. तरुणांनी परदेशातल्या शेतकऱ्याच्या घरी राहायचे, त्याच्याबरोबर रानात जायचे आणि परत आल्यावर आपल्या लोकांना पाहिलेले सांगायचे, असा तिचा क्रम. तिकडून इकडे आणि इकडून तिकडे अशी ही जा-ये पुढे भारताशीही झाली. १९७१ साली इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड यांनी शहरी माणसांना सुटीच्या दिवशी सेंद्रिय शेतावर कामाला नेण्याचा प्रघात पाडला. त्यातून निघालेली 'वूफ' ही चळवळ आज अनेक देशांत आहे. तिच्यात पाहुणा शेतावर हात लावतो आणि शेतकरी त्याला जेवण व निवारा देतो.

या योजनांचे तपशील वेगवेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी एकच नियम दिसतो. पाहुणा हा गिऱ्हाईक नव्हे आणि गडीही नव्हे. तो तेवढ्या दिवसांपुरता घरातला माणूस. घरातले खातात ते त्याने खायचे आणि घरातले सांगतील ते ऐकायचे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात यजमानालाच ते फार अवघड जाते.

पाहुणा पाठवण्यापूर्वी जबाबदार माणसाने यजमानाचे घर पाहून यावे, हा अशा कामातला आवश्यक भाग आहे. त्याप्रमाणे आमचे सर एका रविवारी गावी आले. त्यांना एस.टी.च्या थांब्यावरून घरी नेताना माझ्या पायांतले बळ गेले होते. द्राक्षाचा एक वेल कुठे दिसेना. सरांनी चहा घेतला, न्हाणीघर व संडास पाहिला, पिण्याचे पाणी कोठून येते ते विचारले, ती मुलगी माझ्याबरोबर आजीच्या खोलीत झोपेल ना, एवढी खात्री करून घेतली आणि मग आबांबरोबर अर्धा तास बांधावर उभे राहून ज्वारी पाहिली. परत जाताना ते मला एवढेच म्हणाले, "पाहुणी शेतकऱ्याचीच मुलगी आहे. तिच्या वडिलांकडेही ज्वारीच असते." द्राक्षांविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. त्यांनी रागावले असते तर मला बरे वाटले असते.

सरकारी बाजूही सांगितली पाहिजे. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला, की त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यावी लागते. हा नियम हॉटेलांना आहे तसा घरगुती यजमानालाही आहे. हा अर्ज आता संगणकावरून भरता येतो. पासपोर्ट आणि व्हिसा यांचा तपशील हाताशी ठेवावा लागतो. आमचा अर्ज पुण्याच्या संस्थेतील मंडळींनी भरून घेतला. आबांनी गावच्या पोलीस पाटलांच्याही कानावर घातले. दुसरी गोष्ट, शिकण्यासाठी आलेल्या पाहुण्याला मजुरीवर लावता येत नाही. घरच्या कामात हौसेने हात लावणे वेगळे आणि रोज घेऊन काम करणे वेगळे.

ती येण्याच्या आदल्या दिवशी मी तालुक्याहून ब्रेड, जॅम आणि बिस्किटांचे पुडे आणले, शेजारून दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या आणि आजीला बजावले, "पाहुणीपुढे मिश्री लावू नकोस." आजी म्हणाली, "माझ्या घरात मी चोरून मिसरी लावू व्हय गं?" आबांना मी सांगितले, की जरा शुद्ध बोला. ते त्यानंतर दोन दिवस जवळजवळ बोललेच नाहीत.

पाहुणी आली ती पाठीवर पिशवी घेऊन, आणि आमच्यापेक्षा शुद्ध मराठीत म्हणाली, "नमस्कार, आपण सर्व कसे आहात?" आजी इतकी हसली, की तिला ठसका लागला. तीन दिवस मी पाहुणीला खुर्चीत बसवून ब्रेड-जॅम खाऊ घातला. आम्ही चुलीपाशी बसून भाकरी खात होतो. चौथ्या दिवशी तिने मला विचारले, "मला भाकरी का मिळत नाही? मी काही चूक केली का?" तिचा प्रश्न आजीने ऐकला आणि आईला म्हणाली, "पोरगी तीन दिस उपाशी हाय, आन तुमी पाव चारताय." त्या दिवसापासून ती चुलीपाशी बसू लागली.

तिला भाकरीचे एवढे अप्रूप का, ते तिने नंतर सांगितले. कॅन्सस हे अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी पिकवणारे राज्य आहे. पण ती ज्वारी मुख्यतः जनावरांच्या खाद्याला, इथेनॉल करायला आणि निर्यातीला जाते. वडिलांच्या कोठ्यांतून हजारो पोती ज्वारी बाहेर गेलेली तिने पाहिली होती; तोंडात एक दाणाही घातला नव्हता. पुण्यात पहिल्यांदा भाकरी खाल्ली तेव्हा, हे आपल्या घरचेच धान्य, हे समजून ती चकित झाली होती.

आईने तिला भाकरी शिकवायला घेतली. तिने आधी लाटणे मागितले. ज्वारीची भाकरी लाटत का नाहीत, हा प्रश्न मला जन्मात पडला नव्हता. गव्हाच्या पिठात ग्लूटेन असते, त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नसते. म्हणून आधणाचे पाणी घालून पीठ मळायचे. गरम पाण्याने पिठातील स्टार्च फुगतो आणि पिठाला धर येतो. मग काटवटीत हाताने थापायचे. पीठ जुने झाले की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरीच्या कडा फाटतात. यातले ग्लूटेन आणि स्टार्च तिने सांगितले, बाकीचे आईने. मी दोघींच्या मध्ये बसून भाषांतर करीत होते, आणि दोन्ही बाजूंचे पहिल्यांदाच ऐकत होते.

तसेच रानातही झाले. पहिल्याच फेरीत तिने विचारले, "तुमची ज्वारी इतकी उंच का? आमची कमरेपेक्षा थोडी वर असते." मी भूगोल घेतलेली विद्यार्थिनी. मी म्हणाले, "जमीन चांगली आहे म्हणून." आबांनी दोन दिवसांचे मौन तिथे सोडले. "जमिनीनं न्हाई. ही मालदांडी हाय. हिला कडब्यासाठी उंच ठेवलीय. दाणा माणसाला, कडबा जनावराला. दुष्काळात कडब्याचं मोल दाण्याच्या बरोबरीनं लागतं." मी हे तिला सांगितले. ती म्हणाली, की त्यांच्याकडे कापणी व मळणी एकदम करणारे मोठे यंत्र चालते, त्यात उंच ताट अडकते आणि लोळते, म्हणून तिकडच्या शास्त्रज्ञांनी बुटके वाण काढले. आबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे तुमी यंत्रासाठी पीक बुटकं केलं, आमी म्हशीसाठी उंच ठेवलं." संकरित बुटक्या ज्वारीचा इतका प्रचार होऊनही आमच्या भागात रब्बीला मालदांडी का टिकून राहिली, याचे उत्तर या एका वाक्यात आहे. मालदांडीचा सर्वांत प्रसिद्ध निवड वाणही आमच्याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रातला. परीक्षेत मी ते लिहू शकले नसते.

आमच्याकडे ही ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. त्यानंतर पाऊस आला तर आला. पीक वाढते ते काळ्या भारी जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर. ती ओल उडू नये म्हणून कोळपणी करतात. तण निघते, शिवाय वरची माती मोकळी होऊन भेगा बुजतात आणि खालचे पाणी वर यायची वाट बंद होते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आमच्याकडे म्हणतात ते यासाठी. पाहुणीने ते वाक्य वहीत लिहून घेतले. तिच्याकडून आबांनाही मिळाले. पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी गुरांनी खाल्ली तर विषबाधा होते, हे आबांना ठाऊक होते. त्या विषाचे नाव आणि कारण तिने सांगितले. हायड्रोसायनिक आम्ल. कॅन्ससमध्येही गुराखी याच भीतीने कोवळ्या ज्वारीला कुंपण घालतात. आबा म्हणाले, "बघ, तिकडं बी गाय तशीच मरती." मग त्यांनी तिच्या वडिलांवर कर्ज आहे काय, असे विचारले. मी भाषांतर करायला कचरत होते, पण तिला प्रश्न कळला होता. दीड हजार एकर, त्यातली निम्मी खंडाने, यंत्र हप्त्यावर आणि भाव आपल्या हातात नाही, असे तिने सांगितले. आबांना दीड हजार एकराचा धक्का बसला नाही तेवढा त्या कर्जाने दिलासा मिळाला.

हुरड्याचे दिवस संपत आले होते. ओढ्याकाठच्या उशिराच्या पेऱ्यातली कणसे काढून आम्ही गोवऱ्यांची आगटी पेटवली, गरम कणसे हातावर चोळली आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ व दही घेऊन बसलो. आजीने दामाजीपंतांची कथा सांगितली. बहामनी अंमलात मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली केली, ही कथा आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, ही माझी माहिती. पाहुणीला आजीचीच गोष्ट जास्त आवडली. हुरडाही इतका आवडला, की दुसऱ्या दिवशी पोट बिघडले. परदेशी पाहुणा ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, घालून थोडे थोडे पाजावे, आणि जवळच्या डॉक्टरांचा नंबर आधीच लिहून ठेवावा. आई रात्रभर तिच्या उशाशी बसून होती.

आता उरलेली गोष्ट. फेब्रुवारी लागताच द्राक्षाची तोडणी सुरू झाली. एके दिवशी मुकादम दारात येऊन आईला म्हणाला, "तीन हप्ते झाले, येणार का न्हाई? दुसरी बाई बघू?" तेव्हा माझ्या लक्षात आले, की पाहुणी आल्यापासून आईने एकही रोज भरला नव्हता. यजमानाला या कामाचे पैसे नसतात, ते असूही नयेत. पण पाहुणचार फुकट होत नाही. आमच्या घरी तो आईच्या बुडालेल्या मजुरीवर चालला होता, आणि ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

पाहुणीने विचारले, "काकू कुठे जातात?" मला सांगावे लागले. वसतिगृहात मारलेली थापही सांगितली. तिला लपवण्याजोगे काय आहे तेच कळेना. दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर बाग पाहायला निघाली, मीही गेले. गोरी पाहुणी पाहून मालकांनी लगबगीने खुर्ची आणवली. तिने आभार मानले आणि आईपाशी जाऊन उभी राहिली. आई घड कसा धरते, देठ कुठे कापते, खराब मणी कसे काढते, हे ती पाहत होती. आईचे हात फार भराभर चालतात. हे मला ठाऊक नव्हते, कारण मी त्या बागेत कधी गेलेच नव्हते. खुर्ची दुपारपर्यंत रिकामी होती. त्या खुर्चीवर बसण्याचा मी वर्षभर प्रयत्न करीत होते, असे मला वाटले आणि फार लाज वाटली. पण ती पूर्वीची लाज नव्हती.

शेवटचे तीन दिवस आमची ज्वारी काढायला आली. आमच्याकडे ती कापत नाहीत, मुळासकट उपटतात. पाहुणीच्या हाताला फोड आले; आईने जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून दिल्या. ती गेली तेव्हा कडब्याच्या पेंढ्या रानात उभ्या होत्या. आजीने तिच्या पिशवीत पाच किलो ज्वारीचे पीठ भरले. पीठ जुने झाले की थापता येत नाही, हे तिनेच आजीला शिकल्याप्रमाणे ऐकवले, आजी म्हणाली, "मग लवकर खा."

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कोणाच्या घरी उद्या असा पाहुणा येणार असेल, तर माझ्या अनुभवाचा सारांश एवढाच. पाणी उकळलेले द्यावे, अर्ज वेळेवर भरावा, त्याचे आजार-पथ्य आधी विचारावे, फोटो काढण्यापूर्वी आपल्याला विचारावे असे त्याला सांगावे. त्याला एकटे बसू द्यावे. सतत बडदास्त ठेवली की माणूस गुदमरतो. जे खाता तेच वाढावे. आणि घरातले काही माळ्यावर टाकू नये. पाहुणा आपले घर पाहायला आलेला असतो. आपणच ते लपवले, तर त्याने दुसऱ्याचे घर पाहिल्यासारखे होते, आणि आपणही स्वतःच्या घराला मुकतो. त्याच्या प्रश्नांची उत्तरे आपल्याला येत नसतील तर ती ज्यांना येतात त्यांना विचारावीत. माझ्या बाबतीत ती माणसे चुलीपाशी आणि बांधावर होती, आणि त्यांना मी शुद्ध बोलायला सांगत होते.

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात पाऊस फार झाला. वाफसा येईना, पेरणी लांबली. ऑक्टोबरात पाहुणीचा फोनवर संदेश आला, की त्यांची ज्वारी काढायला सुरुवात झाली आहे, तुमची पेरली का? मी आबांना वाचून दाखवला. आबा चाडे पुसत होते. म्हणाले, "लिही, उद्या तिफण धरतो. आन भाव काय लागला ते विचार."

या वर्षी वसतिगृहात नव्या मुली आल्या आहेत. त्यांनी विचारले, "घरी काय करतात?" मी सांगितले, "जिरायत आहे, ज्वारी आहे. आई द्राक्षाच्या बागेत कामाला जाते." एक मुलगी हळूच म्हणाली, "माझी पण."

— द्वितीय वर्ष, कला